निर्णय कुठे लिहिला आहे?

३१ जानेवारी २०१७च्या रात्री ‘गिटलॅब’ या सॉफ्टवेअर कंपनीतल्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसायची आज्ञा दिली. चूक लगेच ध्यानात आली, पण ती आज्ञा थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. बॅकअपचे पाच मार्ग कागदोपत्री तयार होते. त्यातला एकही भरवशाचा निघाला नाही. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, म्हणून कंपनी वाचली. त्या सहा तासांतला ग्राहकांचा बराच मजकूर मात्र कायमचा गेला.

अशा वेळी एरवी फोनाफोनी सुरू होते. वरिष्ठ एकाला विचारतात, तो दुसऱ्याला विचारतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा वेळ उत्तरं देण्यात जातो. गिटलॅबच्या लोकांनी एक गूगल डॉक उघडलं. काय घडलं, काय करून पाहिलं, कोणतं काम कुठवर आलं, हे सगळे जण त्यातच लिहीत गेले. ते डॉक त्यांनी जगालाही वाचायला खुलं ठेवलं. दहा दिवसांनी सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात त्या अभियंत्याचं नाव नव्हतं. एवढी मोठी चूक होऊ देणारी व्यवस्था कशी होती, याची कारणं मात्र एकेक करून मांडली होती.

हे त्या एका रात्रीत जमलेलं नाही. या कंपनीला मुख्य कार्यालयच नाही. माणसं अनेक देशांत आपापल्या घरून काम करतात आणि कामाचे नियम एका खुल्या पुस्तिकेत लिहिलेले असतात. प्रश्न आला की आधी पुस्तिका पाहायची, उत्तर नसेल तर शोधून तिच्यात भरायचं, अशी सवय तिथे आधीपासून होती.

आपल्याकडे नेमकी हीच सवय कमी पडते. स्लॅक, टीम्स, झोहो क्लिक यांचे परवाने विकत घेतले जातात, एक दिवसाचं प्रशिक्षण होतं आणि महिन्याभरात त्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होऊन जातो. ‘ओके सर’, अंगठे, शुभेच्छा, आणि त्यांच्याखाली कुठेतरी दबलेला एक महत्त्वाचा निर्णय. तीन आठवड्यांनी तोच निर्णय पुन्हा विचारला जातो, पुन्हा बैठक लागते. सॉफ्टवेअरवर केलेला खर्च अशा वेळी खरोखर वाया गेलेला असतो.

स्लॅकचा जन्म कसा झाला हे इथे पाहण्यासारखं आहे. स्टुअर्ट बटरफील्ड यांची कंपनी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन खेळ बनवत होती. सहकारी वेगवेगळ्या शहरांत होते आणि गप्पांसाठी आयआरसी ही जुनी पद्धत वापरत होते. तिच्यात गैरहजर माणसाला मागचं बोलणं सापडत नसे. म्हणून त्यांनी संदेश साठवून ठेवणारं आणि शोधून देणारं साधन स्वतःपुरतं तयार केलं. खेळ २०१२मध्ये बंद पडला, साधन २०१४मध्ये बाजारात आलं. मागचं सापडावं, ही त्याच्या मुळाशी असलेली गरज होती. ते केवळ भराभर संदेश पाठवायला वापरणं म्हणजे त्याचा मोठा भाग न वापरता ठेवणं.

वास्तविक नोंद ठेवणं आपल्याला नवीन नाही. सरकारी कार्यालयात आवक-जावक नोंदवही असते, नस्तीवर टिप्पणी असते, टिप्पणीखाली सही आणि तारीख असते. त्या पद्धतीचा संथपणा सर्वांनी सोसला आहे, पण निर्णय कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने घेतला हे वीस वर्षांनीही तिच्यातून सांगता येतं. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा कागदाची मर्यादा कळली. नस्ती आता ई-ऑफिसमधून फिरू लागली आहे. खासगी कंपन्यांनी सरकारी पद्धतीचा संथपणा जरूर टाळावा, पण निर्णय, कारण, जबाबदार माणूस आणि तारीख या चार ओळी टाळू नयेत. प्रत्येक प्रकल्पासाठी एक खुलं चॅनेल, प्रत्येक विषयाचा वेगळा धागा आणि ठरलेल्या गोष्टींचं एक पान, एवढ्यावरही खूप भागतं.

भाषेचा मुद्दा तर कोणी विचारातच घेत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्रीतला किंवा चाकणच्या कारखान्यातला पर्यवेक्षक यंत्राबद्दल तोंडी फार नेमकं सांगतो. चॅनेलवर इंग्रजीतच लिहायचं असा अलिखित नियम असला की तो गप्प बसतो आणि त्याचं ज्ञान त्याच्यासोबत निवृत्त होतं. त्याला मराठीत लिहू द्यावं. मोबाइलवर मराठीत बोलून टंकलेखन करता येतं, त्यामुळे कीबोर्डची अडचण उरलेली नाही. फक्त देवनागरीचा आग्रह धरावा. रोमन लिपीत ‘झालं’ हा एकच शब्द कोणी झेडने लिहितो, कोणी जे-एचने. मग शोधताना निम्मे संदेश हाती लागत नाहीत.

पुण्याजवळ हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत लिहून न ठेवण्याच्या प्रश्नाला वेगळीच धार आहे. पुणे आणि कॅलिफोर्निया यांच्यात उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तासांचा फरक असतो. तिकडची सकाळ म्हणजे इकडची रात्र, आणि दररोजच्या कॉलसाठी जागायचं ते बहुतेक इकडच्यांनीच. त्यातले कितीतरी कॉल केवळ काल काय झालं हे सांगण्यासाठी असतात. संध्याकाळी निघताना तेच नीट लिहून ठेवलं तर पलीकडचा माणूस सकाळी ते वाचून कामाला लागू शकतो. कार्यालयीन वेळेनंतर संपर्क टाळण्याचा हक्क मिळावा यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७पासून आहे. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल. रात्रीचा एक कॉल रद्द करायला कोणत्याही व्यवस्थापकाला संसदेची परवानगी लागत नाही.

सगळंच लिहून होत नाही, हेही खरं. वाद चिघळला असेल, कोणाच्या कामाबद्दल नाराजी सांगायची असेल, नवा माणूस बावरला असेल, तर समोर बसावं किंवा निदान फोन उचलावा. धाग्यावरचा चाळिसावा संदेश अशा वेळी दुरावाच वाढवतो. मात्र बोलून झाल्यावर जे ठरलं ते, खासगी नसेल तर, चॅनेलवर यायला हवं. आणि ती पहिली नोंद साहेबांनी स्वतः करायला हवी. साहेब फोनवरून तोंडी आदेश देत राहिले तर खालचे कशाला लिहितील?

छोट्या उद्योगांनी आणखी एक गोष्ट आधीच तपासावी. स्लॅकच्या फुकट योजनेत शेवटच्या ९० दिवसांचेच संदेश दिसतात आणि वर्षापेक्षा जुना मजकूर २०२४पासून पुसला जातो. ठरलेल्या गोष्टींचं पान अशा योजनेवर न सोपवता वेगळ्या सामायिक दस्तऐवजात ठेवावं, आणि ते कोण सांभाळणार त्याचं नाव त्या पानावरच सर्वांत वर लिहावं.