एक अधिक एक... एकच!

मंडळी, घरच्या स्टोरेज सर्व्हरपासून स्विचपर्यंत दोन केबल्स टाकल्या आणि त्यापायी तीन रविवार घालवले. पहिली चूक माझीच. सर्व्हरवर एलएसीपी चालू, स्विचवर बंद! दोन्हीकडे जुळवलं, दोन्ही दिवे लागले. पण लॅपटॉपवरून फोटो चढवताना वेग सेकंदाला ११० एमबीच. हललाच नाही.

हलणारही नाही. पॅकेट्सचा क्रम बिघडू नये म्हणून एका जोडणीची सगळी पॅकेट्स एकाच केबलवरून जातात. २००० सालच्या ८०२.३एडी मानकापासूनचा हा नियम. १ गिगाबिट म्हणजे फार तर १२५ एमबी. फायदा कधी? चारजण एकदम फाइली ओढतील तेव्हा (तेही सगळे एकाच केबलवर पडले नाहीत तर!), किंवा एक केबल निसटली तर.

मग जाहिरातीत "२ गिगाबिट" ही बेरीज कशाला? घरी एकटाच कॉपी करणाऱ्याला ती शुद्ध फसवणूक वाटते.

खरा राग मात्र स्वतःवर आहे. वेगाच्या नादात आईबाबांच्या फोटोंची दुसरी प्रत काढायचीच राहिली. दादा, पुढच्या रविवारी एक डिस्क घेऊन येतोय, ती तुझ्या कपाटात ठेव. दुसऱ्या केबलआधी दुसरी प्रत... एवढंच सांगायचं होतं.