पटलं नाही, पण मानलं

दिवाळीच्या अंकात राजकारणावर लिहू नये, असे आमच्या सौ.चे ठाम मत आहे. लोक वर्षभर तेच वाचतात. निदान करंजी खाताना तरी त्यांच्या तोंडाची चव घालवू नका, असे तिचे म्हणणे. सल्ला रास्त आहे. पण यंदा माळ्यावरचे डबे काढताना चकलीच्या डब्याच्या तळाशी घातलेले एक वर्तमानपत्र हाती लागले. नोव्हेंबर २००० मधले. तेलाच्या डागांतून बातमी वाचता येत होती. अमेरिकेत मतदान होऊन गेले होते, मोजणीही झाली होती, आणि तरी अध्यक्ष कोण ते ठरत नव्हते. मी तो कागद घेऊन तिथेच स्टुलावर बसलो आणि घरातली झाडलोट अर्धा तास लांबली. तेव्हा सौ.ची क्षमा मागून ती गोष्ट सांगतो. राजकारण त्यात तोंडी लावण्यापुरतेच आहे.

अमेरिकेच्या निवडणुकीचे आम्हाला एवढे अगत्य असायचे कारण म्हणजे सौ.चा भाचा. तो तेव्हा न्यू जर्सीला नोकरीला होता. त्याला तिथे मत नव्हते, पण मते पुष्कळ होती, आणि ती तो दर रविवारी फोनवरून आपल्या वडिलांना, म्हणजे आमच्या मेव्हण्यांना, ऐकवी. मेव्हणे विमा कचेरीत आकडेमोडीच्या खात्यात जन्म घालवलेले. मुलाच्या मतांना ते आकड्यांची जोड देत आणि दुसऱ्या दिवशी माझ्यावर प्रयोग करीत. अल गोर येणार, असा त्यांचा हिशेब होता. खालच्या मजल्यावरचे नाना पत्रिका पाहणारे. त्यांच्या मते जॉर्ज बुश यांचे ग्रह उच्चीचे होते. मला कोणीच काही विचारले नाही. मला त्या दिवसांत निवडणूक हा शब्दच नकोसा झाला होता. त्याचे कारण पुढे येईल.

८ नोव्हेंबरचा बुधवार. अमेरिकेत अजून मंगळवारची संध्याकाळ होती. सकाळी सव्वासहाच्या सुमारास, पहिला चहा गाळत असतानाच, दूरदर्शन संचावरच्या परदेशी वाहिनीने सांगितले की फ्लॉरिडा राज्य गोर यांना मिळाले. मेव्हणे मुद्दाम आदल्या रात्री मुक्कामाला आले होते. त्यांनी मांडीवर थाप मारली. तिथे प्रत्येक राज्याच्या वाट्याला ठरावीक निर्वाचक येतात. एकूण ५३८, आणि जिंकायला २७० लागतात. एकट्या फ्लॉरिडाचे २५. फ्लॉरिडा गेले की सारे गेले, असा त्या दिवशीचा रंग होता.

साडेआठच्या सुमारास, मी दाढी करीत असताना, वाहिन्यांनी आपला शब्द मागे घेतला. फ्लॉरिडा कोणाचेच नाही. मेव्हण्यांचे पोहे तसेच राहिले. दुपारी पाऊण वाजता बुश अध्यक्ष झाले. नाना उठले, कोपऱ्यावर गेले आणि अर्धा किलो पेढे घेऊन आले. तिकडे गोर यांनी बुश यांना फोन करून अभिनंदनही केले आणि समर्थकांपुढे भाषण करायला ते निघाले. वाटेत त्यांना कळले की अंतर झपाट्याने कमी होते आहे. त्यांनी पुन्हा फोन केला आणि आपले अभिनंदन परत घेतले. अडीच वाजता वाहिन्यांनी बुश यांचेही अध्यक्षपद काढून घेतले. तोवर पेढे संपले होते. पेढे खाल्ले आणि अध्यक्ष नाही, अशी ती दुपार.

एवढ्या मोठ्या देशाचे एवढे मोठे अंदाज एका दिवसात दोनदा चुकावेत कसे? मेव्हणे चार दिवस कागदावर आकडे मांडत होते. उत्तर दिले ते सौ.ने, स्वयंपाकघरातून. ती म्हणाली, “शितावरून भाताची परीक्षा होते, दादा. भात शिजला की कच्चा, ते कळतं. पण दोन पातेल्यांत सारखाच शिजलेला भात असला, तर कुठला कणभर जास्त शिजलाय ते एका शितावरून कसं सांगणार?”

विम्याच्या कचेरीतही याहून स्वच्छ उत्तर मिळाले नसते. मतदान करून बाहेर पडणाऱ्या काही हजार माणसांना विचारायचे आणि लाखोंचा कौल सांगायचा, ही शिताचीच परीक्षा. त्या वेळी साऱ्या प्रमुख वाहिन्यांना आणि वृत्तसंस्थेला ही शिते पुरवणारी संस्था एकच होती, व्होटर न्यूज सर्व्हिस. ती चुकली की सगळे एका सुरात चुकले. त्यात फ्लॉरिडाच्या पश्चिम टोकाला घड्याळ तासभर मागे. तिथे मतदान चालू असतानाच निकाल सांगून झाला होता. आणि रात्री व्होलुशिया नावाच्या काउंटीत यंत्राच्या घोटाळ्याने एका केंद्रावर गोर यांची मते उणे सोळा हजार झाली! उणे मते! आमच्या मेव्हण्यांनी पस्तीस वर्षांच्या नोकरीत असा आकडा पाहिला नव्हता.

फरक मोठा असता तर या साऱ्या चुका पोटात गेल्या असत्या. पण फ्लॉरिडात सुमारे साठ लाख मते पडली होती, आणि अखेर प्रमाणित झालेला फरक होता ५३७ मतांचा. देशभरात गोर यांना बुश यांच्यापेक्षा पाच लाख चाळीस हजारांवर मते अधिक होती, पण तो हिशेब तिथे चालत नाही. आपल्याकडे २०२४ साली मुंबई वायव्य मतदारसंघाचा लोकसभेचा निकाल ४८ मतांनी लागला. ४८ माणसे म्हणजे जुन्या चाळीतला एक मजला. त्या मजल्यावरचे लोक त्या दिवशी लग्नाला बाहेरगावी गेले होते की घरी होते, हे कोणता पंडित आधी सांगणार?

मग सुरू झाली ती छत्तीस दिवसांची मोजणी, फेरमोजणी आणि कोर्टबाजी. पाम बीच काउंटीतली मतपत्रिका पुस्तकासारखी उघडी होती. नावे दोन्ही पानांवर आणि भोके मधोमध एका रांगेत. कोणत्या नावाचे कोणते भोक, याचा पुष्कळांचा गोंधळ उडाला. त्या भागातली म्हातारी माणसे पॅट ब्युकॅनन यांना मत देतील, हे कोणाला खरे वाटेना. यातली बरीचशी मते आपली नसावीत, असे खुद्द ब्युकॅनन यांनीच सांगितले. एकोणीस हजारांवर मतपत्रिका दोन भोके पडली म्हणून बाद झाल्या. कुठे भोक पाडल्यावर कागदाची टिकली पुरती सुटलीच नव्हती. एका कोपऱ्याने लोंबकळत होती. मोजणारे गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून ती टिकली दिव्यासमोर धरून पाहत आहेत, असे छायाचित्र जगभर झळकले.

लोक हसले. मला हसू आले नाही, आणि आता ते कारण सांगतो.

१९९८ च्या उन्हाळ्यात आमच्या उपनगरातल्या वाचनालयाच्या कार्यवाहपदाची निवडणूक झाली. मी उभा होतो, आणि समोर माझा तीस वर्षांचा मित्र. त्याला तात्या म्हणू. मी दोन मतांनी पडलो. पडलो त्याचे काही नाही. पण तीन मतपत्रिकांवर फुलीऐवजी बरोबरची खूण होती, म्हणून त्या बाद ठरल्या. तिन्ही खुणा माझ्या नावापुढे. तीन सभासदांनी आपल्याला कोण हवा ते स्वच्छ सांगितले होते; फक्त खूण चुकली होती. नियमात फुलीच लिहिली होती. मी वाद घातला, मागणी केली, पत्र दिले. निर्णय बदलला नाही. तात्या दारापाशी हात पुढे करून उभा होता. मी चपला पायात सरकवल्या आणि त्याच्या बाजूने निघून गेलो.

त्यानंतर अडीच वर्षे मी रेल्वेच्या पलीकडच्या वाचनालयातून पुस्तके आणली. पावसाळ्यात जिना चढून-उतरून, छत्री सांभाळत. सौ. काही बोलली नाही. फक्त एकदा म्हणाली, “पुस्तकं तीच असतात हो दोन्हीकडे.”

आणि आता तिकडे त्या लोंबकळत्या टिकल्या. मला त्या टिकल्यांत माझ्या तीन खुणा दिसत. गोर यांनी एक पाऊलही मागे घेऊ नये, असे मला मनापासून वाटे. मेव्हणे समजत, मी त्यांच्या बाजूला आलो. मी कोणाच्याच बाजूला नव्हतो. मी माझीच फेरमोजणी करीत होतो.

१२ डिसेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताने फेरमोजणी थांबवली. आपल्याकडच्या १४ तारखेच्या सकाळी साडेसातला गोर बोलायला उभे राहिले. मी चहाचा पेला हातात घेऊन बसलो, ते आता हा माणूस कसा तुटून पडतो ते ऐकायला. त्यांनी आधी थट्टाच केली. आपण बुश यांना फोन केला आहे, आणि या खेपेला परत फोन करणार नाही असा शब्दही दिला आहे, असे ते म्हणाले. मग त्यांनी सांगितले की न्यायालयाचा निर्णय मला मुळीच पटलेला नाही. पण मी तो मान्य करतो.

माझा पेला हातातच राहिला. वाचकहो, आपल्या भाषेत पटणे आणि मानणे असे दोन वेगळे शब्द आहेत, आणि साठीला टेकेपर्यंत मी ते एकच समजत होतो. पटले नाही म्हणजे मानायचे नाही, आणि मानले म्हणजे आपले चुकले, असा माझा हिशेब. हा गृहस्थ म्हणत होता की माझे मत माझ्यापाशी शाबूत आहे, पण मोजणीला कुठेतरी शेवट हवा, आणि तो शेवट करणे आता माझ्या हातात आहे. जिंकणारा ते करू शकत नाही. तो ‘संपले’ म्हणाला तर कोण ऐकतो? ते हरणाऱ्यालाच म्हणावे लागते.

पुढे ६ जानेवारी २००१ ला तर याहून कठीण प्रसंग आला. निर्वाचकांची मते संसदेत मोजली जातात, तेव्हा अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष असतो. आणि गोरच उपराष्ट्राध्यक्ष होते. त्यांच्याच पक्षाचे सभासद एकामागून एक उठून फ्लॉरिडाच्या मतांवर हरकत घेत होते. नियमाप्रमाणे हरकतीवर सेनेटच्या एका सभासदाची सही लागे. ती कोणाजवळच नव्हती. गोर यांनी प्रत्येक हरकत स्वतः फेटाळली आणि २७१ विरुद्ध २६६ असा आपला पराभव स्वतःच्या तोंडाने जाहीर केला. १९६१ मध्ये केनेडींकडून हरलेल्या निक्सन यांनी त्याच आसनावरून तेच केले होते, आणि २०२५ मध्ये कमला हॅरिस यांनीही केले.

हे आपोआप घडते असे मात्र समजू नये. २०२० ची निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांनी पराभव मानला नाही, आणि ६ जानेवारी २०२१ ला त्यांच्या समर्थकांचा जमाव त्याच संसदभवनात घुसला. मोजणी कित्येक तास बंद पडली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुरी झाली. नियम जवळजवळ तेच होते. फरक हरणाऱ्यात होता.

आपल्यालाही असा एक दिवस आठवत असेल. १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत वाजपेयींचे सरकार २६९ विरुद्ध २७० असे एका मताने पडले. वाजपेयी उठले आणि राजीनामा द्यायला गेले.

फ्लॉरिडात खरे कोण जिंकले? पुढे वर्तमानपत्रांनी एकत्र येऊन त्या साऱ्या बाद मतपत्रिका तपासून घेतल्या. कोणती खूण मत म्हणून धरायची, त्याप्रमाणे उत्तर बदलत होते. म्हणजे दोन पातेली सारखीच शिजलेली होती.

त्या गुरुवारी संध्याकाळी मी वाचनालयात गेलो. तात्या टेबलाशी वही लिहीत होता. मी म्हणालो, “अभिनंदन. जरा उशीर झाला.” त्याने वर पाहिले. मग खण उघडून पावत्यांचे एक बंडल काढले आणि माझ्यापुढे ठेवले. माझे सभासदत्व रद्द होऊ नये म्हणून अडीच वर्षे दर महिन्याला त्याने माझी वर्गणी भरली होती.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तात्या म्हणाला, “बघतोस काय? पैसे काढ. मी काही दानशूर कर्ण नव्हे.”

मी पैसे काढले. त्याने ते दोनदा मोजले. मग चहा सांगितला.

त्या तीन मतपत्रिकांचा निर्णय मला आजही पटलेला नाही. दर दिवाळीला तात्या फराळाला येतो, आणि चकल्या संपत आल्या की तो विषय निघतोच. तो म्हणतो नियम, मी म्हणतो खूण. सौ. आतून ओरडते, “मोजा पुन्हा!” यंदाही निघेल. तो जुना कागद मी डब्याच्या तळाशी परत घातला आहे.