वाघ वाचवायला निघालेल्या नागपूरकरांनो, आधी ग्रामसभेला विचारा

जरीपटका, इंदोरा, नारा, नारी आणि सगळ्या उत्तर नागपुरातल्या जंगलप्रेमी बंधू-भगिनींनो,

आपल्या शहराला वाघांची राजधानी म्हटलेलं आपल्याला आवडतं. पेंच, ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, बोर, उमरेड-कऱ्हांडला, कुठेही जायचं तरी बाहेरचा माणूस नागपुरात उतरतो. राज्याच्या वनखात्याचं मुख्यालय असलेलं वनभवन आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. वनविकास महामंडळाचं मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे. गोंड, माडिया, कोरकू, कोलाम ज्या जंगलात राहतात, त्या जंगलाच्या फायली आपल्या शहरात हलतात. आपल्याकडच्या संस्थांचा, प्राणिमित्रांचा, देणगीदारांचा शब्दही तिथे चालतो. म्हणून हे पत्रक सरकारला लिहिलेलं नाही. ते आपल्याला, शहरातल्या जंगलप्रेमींना लिहिलं आहे.

आमचं म्हणणं एकच आहे. आदिवासी गावाच्या जंगलात संवर्धनाचं कोणतंही काम त्या गावाच्या ग्रामसभेच्या ठरावाशिवाय सुरू होता कामा नये. आणि ग्रामसभेने 'नको' म्हटलं, तर आपण सामान उचलून परत आलं पाहिजे.

आज काय होतं ते पाहा. प्रकल्प गावात येतो तोच तयार होऊन. निधी मंजूर असतो, फलकाचा मजकूर ठरलेला असतो, उद्घाटनाचा पाहुणाही ठरलेला असतो. मग एका दुपारी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक भरते. बाया मजुरीवर किंवा जंगलात गेलेल्या असतात, त्यांच्याशिवायच बैठक उरकते. भाषण मराठी-हिंदीत आणि समोरची माणसं घरात गोंडी किंवा कोरकू बोलणारी. शेवटी चहा, आणि हजेरीच्या कागदावर सह्या, अंगठे. पुढे तोच कागद अहवालाला 'लोकसहभाग' म्हणून जोडला जातो. त्या माणसांनी हजेरी लावली होती, होकार दिला नव्हता. हा अपमान आहे, आणि तो मनाने भल्या असलेल्या माणसांकडून वर्षानुवर्षं होत आला आहे.

ग्रामसभेला विचारणं हे आपलं मोठेपण नव्हे, तो देशाचा कायदा आहे. संसदेने 2006 साली वनहक्क कायदा केला. गावाच्या पारंपरिक हद्दीतलं सामूहिक जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याने मान्य केला. याच कायद्याच्या कलम 5 ने वन्यजीव, जंगल आणि पाणलोट सांभाळायचा अधिकार ग्रामसभेकडे सोपवला. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यं त्यातून वगळलेली नाहीत. त्याच वर्षी वन्यजीव कायद्यातही दुरुस्ती झाली. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून गाव हलवायचं असेल तर आधी हक्कांची नोंद पूर्ण करायची, मग ग्रामसभेला सगळी माहिती देऊन तिची संमती घ्यायची आणि दोन्ही बाजूंना मान्य अटींवरच पुढे जायचं, असं त्यात लिहिलं आहे.

प्रत्यक्षात मात्र राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण जून 2024 मध्ये राज्यांना पत्र पाठवून देशभरच्या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातल्या 591 गावांच्या, 64,801 कुटुंबांच्या स्थलांतराचा आराखडा मागतं. तारखा आणि आकडे वरून ठरून येत असतील, तर खाली ग्रामसभेने मोकळेपणाने 'नाही' म्हणायला जागा कुठे उरली?

मेळघाटकडे पाहा. 1974 पासून तिथे व्याघ्र प्रकल्प आहे. कोहा, कुंड, बोरी ही गावं आधी उठली, नंतर आणखी उठली. कुटुंबामागे 10 लाख रुपयांचं पॅकेज होतं, 2021 मध्ये ते 15 लाख झालं. डोंगरातल्या कोरकू कुटुंबाने अकोटच्या सपाटीवर हे पैसे घेऊन काय करायचं? जमीन घ्यायची तर भाव चढलेले, आणि सरपण, मोह, मासळी, ढोरांचा चारा, जे काल दाराशी होतं ते आज विकत. दिलेली आश्वासनं पुरी झाली नाहीत म्हणून गुल्लरघाट, केलपाणी या भागातली कुटुंबं आपल्या जुन्या गावांच्या जागी परत गेली. जानेवारी 2019 मध्ये तिथे त्यांची आणि वनकर्मचाऱ्यांची चकमक झाली. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. आपलं सोडलेलं गाव परत मागायला गेलेला माणूस आणि त्याला अडवणारा तुटपुंज्या पगाराचा वनरक्षक, दोघांनाही आपण या स्थितीत आणून ठेवलं.

जरीपटक्यात हे समजावून सांगायची गरज पडू नये. ही वस्ती उभीच राहिली ती फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनी. घर, जमीन, दर्गे, दरबार, नदी मागे टाकून आलेली माणसं इथे शून्यातून उभी राहिली. 'पुनर्वसन' हा सरकारी कागदावरचा शब्द आणि ते भोगणं यांतलं अंतर या मोहल्ल्यातल्या आजी-आजोबांनी पाहिलेलं आहे. त्यांच्या नातवंडांनी सफारीवरून परतताना 'ही गावं इथून हलवली तर जंगल किती छान होईल' असं म्हणावं, हे आम्हाला सहन होत नाही.

आपण कोणाच्या मरणाचं दुःख करतो तेही पाहा. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री यवतमाळ जिल्ह्यात अवनी वाघिणीला गोळी घातली गेली. त्यानंतर शहराशहरांतून निषेध झाले, मेणबत्त्या लागल्या. तिला ज्या रीतीने मारलं त्यावर कायद्याचे प्रश्न होते, आणि ते विचारायलाच हवे होते. पण त्याआधीच्या सुमारे दोन वर्षांत त्याच भागात 13 माणसं वाघाच्या हल्ल्यात गेल्याचं वनखातं सांगत होतं. शेतकरी, गुराखी, मजूर होते ते. त्यांच्यासाठी आपल्या चौकात एकही मेणबत्ती लागल्याचं आम्हाला आठवत नाही.

10 मे 2025 ला चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल गावच्या तीन बाया वाघिणीच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. तेंदूपत्ता तोडायला गेल्या होत्या. हे काम कसं चालतं ते आपल्यातल्या फार थोड्यांनी पाहिलं असेल. उजाडायच्या आत घर सोडायचं, कारण उन्हं चढली की जंगलात थांबवत नाही. तेंदूची झुडपं बुटकी, म्हणून पान खुडायला कंबरेत वाकावं लागतं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं जंगलातली जाणती माणसं सांगतात. दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. हंगाम जेमतेम काही दिवसांचा, आणि पेरणीच्या तोंडावर घरात रोकड येते ती याच कामातून. 'त्यांनी जंगलात जाऊच नये' असं म्हणणाऱ्याने त्या रोकडीची सोय आधी करावी, मग बोलावं.

आता दुसरी बाजू सांगतो, कारण हे पत्रक नुसत्या तक्रारीसाठी छापलेलं नाही. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंडांचं लहानसं गाव. 2009 मध्ये त्याला 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेला जातो. निर्णयाआधी अभ्यास गटात चर्चा होते, आणि बाहेरचा जाणकार तिथे ऐकायला व सांगायला बसतो, ठरवायला नाही. हक्क मिळूनही बांबू विकायचा परवाना खातं सोडत नव्हतं. गाव हटलं नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. या लढ्यातली देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं आपल्याकडच्या प्रत्येक निसर्ग शिबिरात घेतली गेली पाहिजेत. आपण मात्र मुलांना फक्त वाघाचे पंजे ओळखायला शिकवतो.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव घ्या. 2012 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूचं उत्पन्न गावाने स्वतः उभं केलं. तेंदूपत्त्याच्या हंगामासाठी फांद्या छाटल्या जातात आणि आगी लागतात, म्हणून तो पैसा सोडायचं ग्रामसभेने ठरवलं. जंगलाचा एक भाग मुद्दाम न तोडता राखून ठेवला. कोणत्याही संस्थेने आखून न दिलेलं हे संवर्धन आहे. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीरच्या लोकांनी उजाड माळ राखून पुन्हा हिरवा केला आणि तिथली सीताफळं बाजारात नेली. आणि 1980 च्या दशकात इचमपल्ली-भोपालपटनम धरणांखाली गडचिरोली-बस्तरचं अफाट जंगल जाणार होतं, तेव्हा ते वाचवायला लाल श्यामशाह महाराज आणि बाबा आमटे यांच्याबरोबर उभे राहिले ते आदिवासीच. ती धरणं झाली नाहीत. आज तिथे जे सागवान उभं आहे त्याचं श्रेय कोणाला देणार?

काही मित्र विचारतात, मोहफुलं वेचायला आदिवासी झाडाखाली आग लावतात, शिकार करतात, त्याचं काय? आगी लागतात, हे खरं आहे. शिकारही होते. पण सगळी राखण पगारी माणसावर सोपवली, तर हजारो हेक्टरला एक रक्षक काय पुरणार! गावाने स्वतः केलेला नियम गाव पाळतं, कारण मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच सभेत बसायचं असतं. प्रत्येक गाव मेंढा नसतं, हेही मान्य. कुठे दारू आहे, कुठे भांडणं आहेत, कुठे ठेकेदाराचं वजन आहे. अशा गावाला वेळ द्यायचा असतो. त्याच्या डोक्यावरून निर्णय घ्यायचा नसतो. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरात सोलिगा आदिवासींना 2011 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आतच सामूहिक हक्क मिळाले. तिथे माणसंही आहेत आणि वाघही. ऑस्ट्रेलियाने 1985 मध्ये उलुरूची जमीन तिच्या मूळ मालकांना परत केली आणि उद्यान चालवायला त्यांच्याकडूनच भाडेपट्ट्याने घेतली. त्या पवित्र खडकावर चढू नका असं ते सांगत राहिले, आणि 2019 मध्ये चढाई बंद झाली. आपल्याकडे ताडोबाच्या तळ्याकाठी तारूचं देवस्थान आहे. त्याच्यावरून त्या जंगलाला नाव मिळालं. त्याच्या गोंड भक्तांनी केव्हा आणि कसं यायचं हे राखीव क्षेत्राचे नियम ठरवतात, आणि तिकीट काढलेली आपली जिप्सी रोज जवळून जाते.

आदिवासींच्या आपल्यावरच्या अविश्वासाचं एक कारण सांगितलंच पाहिजे. 13 फेब्रुवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वनहक्काचे दावे फेटाळले गेलेल्या लाखो कुटुंबांना जंगलाबाहेर काढायचा आदेश दिला. 28 फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. ती याचिका वन्यजीव संस्थांची होती. त्यानंतर आपण टोपी-दुर्बीण घेऊन एखाद्या पाड्यात शिरलो आणि लोक गप्प झाले, तर दोष त्यांना देऊ नये.

आपण काय करायचं? गावाने मागितलेलं काम करायचं. सामूहिक दाव्यासाठी नकाशे लागतात, जुने दस्तऐवज लागतात, अपिलाला वकील लागतो. नागपुरात हे सगळं आहे. गावच्या जंगलात कॅमेरे लावले तर फोटो आणि नोंदी आधी ग्रामसभेला द्यायच्या. ज्या वाटाड्याने पक्षी ओळखून दिला त्याचं नाव अहवालात घालायचं आणि त्याला मानधन द्यायचं. मारुती चितमपल्लींनी आपलं रानाचं ज्ञान आदिवासी आणि ढिवरांकडून आलं, हे आयुष्यभर मोकळेपणाने सांगितलं. तेवढा प्रामाणिकपणा आपल्याला जमायला काय हरकत आहे? पर्यटनाच्या कमाईत गावाचा हिस्सा किती, हे रिसॉर्टवाल्याला विचारायचं, आणि उत्तर मिळालं नाही तर दुसरीकडे उतरायचं.

हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शाह याने. गोरेवाड्याच्या प्राणी उद्यानाला गोंडवानाचं नाव द्या, एवढी साधी मागणी आदिवासी संघटनांनी 2021 मध्ये केली, तीही मानली गेली नाही. आपल्या नळाला येणारं पेंचचं पाणी ज्या डोंगरांतून उतरतं, तिथे आजही गोंडांची गावं आहेत. या शहराचं देणं जुनं आहे आणि ते थकलेलं आहे.

जंगलासाठी, वाघासाठी कोणी आपल्याकडे वर्गणी मागायला आलं, की पावती फाडण्याआधी तीन गोष्टी विचारा. गाव कोणतं? ग्रामसभेचा ठराव कोणत्या तारखेचा? त्या सभेला बाया किती होत्या? ठरावाची प्रत दाखवली तर सढळ हाताने द्या. नसेल, तर ती घेऊन या म्हणावं.

जरीपटका, नागपूर येथील काही जंगलप्रेमी नागरिक

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारी द्यावे.)