मधले तीन महिने



घरात पाळणा हलणार असे कळले की पहिले तीन महिने सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे असते. उलट्या होतात, फोडणीचा वास सहन होत नाही, चक्कर येते. सासूबाई जड भांडे उचलू देत नाहीत. शेवटच्या तीन महिन्यांत पुन्हा धावपळ सुरू होते. मधले तीन महिने मात्र कोणाच्या हिशेबात नसतात. उलट्या थांबतात, भूक लागते, चेहऱ्यावर तजेला येतो. "आता बरी आहे," असे म्हणून घर निश्चिंत होते. ती पुन्हा चुलीपाशी, शिलाई मशीनपाशी बसते आणि दवाखान्याचे कार्ड कपाटात जाते.

शाळेत येणाऱ्या आयांना मी विचारते, "या महिन्यात तपासणी झाली का?" उत्तर ठरलेले असते. "आपा, काही त्रासच नाही, मग कशाला जायचं?" मी डॉक्टर नाही, शिक्षिका आहे. पण एवढे नक्की सांगते की ज्या तपासण्या ठरावीक वेळीच करायच्या असतात, त्यांतल्या बऱ्याच या बिनत्रासाच्या दिवसांत येतात. वेळ गेली की तीच तपासणी तितकी उपयोगाची राहत नाही.

आधी हिशेब नीट करा

घरात महिने बहुधा पाळी चुकली तेव्हापासून मोजतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतात. त्यामुळे दोन हिशेबांत महिन्याचा फरक पडतो. सासूबाई म्हणतात चौथा, कार्डावर असतो पाचवा. मधली तिमाही म्हणजे चौदाव्या आठवड्यापासून अठ्ठाविसावा आठवडा लागेपर्यंतचा काळ.

एक उदाहरण घेऊ. शेवटची पाळी १० जानेवारीला आली. त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. बाळंतपणाची अंदाजे तारीख येते १७ ऑक्टोबर. चौदावा आठवडा ११ एप्रिलला लागतो. १८ आठवडे १६ मे रोजी, २० आठवडे ३० मे रोजी, २४ आठवडे २७ जूनला आणि २८ आठवडे २५ जुलैला पूर्ण होतात. आपल्या तारखा अशाच काढून कॅलेंडरवर खुणा करा. आठवीतली मुलगीसुद्धा हे गणित करून देईल.

या दिवसांत काय काय होते

पोट दिसू लागते. कंबर दुखते. झटकन उठले किंवा कूस बदलली की जांघेत कळ येते आणि थांबते. गर्भाशय वाढताना त्याला धरून ठेवणारे बंध ताणले जातात, म्हणून असे होते. छातीत जळजळ, बद्धकोष्ठता, रात्री पोटऱ्यांत गोळे, हिरड्यांतून थोडे रक्त, गालांवर काळसर डाग, पोटावर मधोमध गडद रेघ, हे सगळे पुष्कळ जणींना होते. डाग बाळंतपणानंतर बहुधा फिके पडतात.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत कळते, काहींना थोडी उशिरा. आधी बाळंतपण झालेलीला सोळाव्या आठवड्यातही कळू शकते. सुरुवातीला पोटात बुडबुडा फुटल्यासारखे वाटते. २४ आठवडे होऊनही हालचाल जाणवली नाही तर डॉक्टरांना सांगा. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात, आईचा आवाज सगळ्यांत जास्त. घरात तिच्याशी कोण कसे बोलते याकडे लक्ष द्यायला हे एक कारण पुरे आहे.

रक्त आणि लाल गोळी

गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ पेक्षा कमी असेल तर आपल्याकडे ते रक्तक्षय धरतात. ७ च्या खाली गेले तर प्रकरण गंभीर असते. मधल्या महिन्यांत अंगातले पाणी वाढून रक्त पातळ होते, त्यामुळे आकडा थोडा उतरतोच. म्हणूनच चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी देतात. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस ती घ्यायची असते. रक्त कमी असेल तर डॉक्टर प्रमाण वाढवतात.

गोळ्या मिळतात, पण पोटात जात नाहीत. शाळेतल्या एका मुलीची अम्मी शिलाईचे काम करते. गोळीने पोट साफ होत नाही म्हणून तिने पाचव्या महिन्यात गोळ्या बंद केल्या आणि घरात कोणाला सांगितले नाही. थकवा येतो तो कामाने, असे तिला वाटत होते. तपासणीत हिमोग्लोबिन साडेसातच्या आत निघाले. पुढे शिरेतून लोहाची इंजेक्शने घ्यावी लागली. अल्लाहच्या कृपेने दोघे सुखरूप आहेत. गोळी सोसत नाही हे वेळेवर सांगितले असते तर डॉक्टरांनी दुसरी दिली असती.

गोळी रात्री जेवणानंतर पाण्यासोबत घ्या. चहा किंवा दुधासोबत नको, कारण मग लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते चांगले शोषले जाते. शौच काळी होते, त्याची भीती नको. गोळीने बाळ काळे होते ही समजूत खोटी आहे. बाळाचा रंग आईबापाकडून येतो; गोळीने काळा होत नाही आणि केशराच्या दुधाने गोराही होत नाही. चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्याही दिवसाला दोन गोळ्या देतात. त्या आणि लाल गोळी यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवा. जंतांची एक गोळीही याच काळात असते.

आणखी एक खूण. माती, खडू, पाटीची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटले तर हसण्यावारी नेऊ नका. हे बरेचदा लोह कमी असल्याचे लक्षण असते.

आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार आहे. तपासणी आधी झाली नसेल तर आता करा, नवऱ्याचीही करा. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्या समाजात चुलत, मामे भावंडांत लग्ने होतात. तसे असेल तर डॉक्टरांना न संकोचता सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण डॉक्टरांना माहीत असले पाहिजे.

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी

१८ ते २० आठवड्यांत होणाऱ्या सोनोग्राफीत बाळाचे डोके, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंड, हातपाय आणि वारेची जागा पाहतात. दोष दिसला तर बाळंतपण कुठे करायचे हे आधी ठरवता येते. हृदयाचा दोष असलेल्या बाळासाठी नागपूरला आधीच बोलून ठेवता येते, ऐन वेळी धावावे लागत नाही. वार खाली असेल तर जपून राहता येते. सातव्या महिन्यात केलेल्या सोनोग्राफीने वाढ कळते, पण या गोष्टींसाठी वेळ हातात राहत नाही.

काही घरांत संकोच असतो की तपासणारे पुरुष डॉक्टर असतील. ओटीपोटापुरताच कपडा बाजूला करतात आणि नर्सला सोबत थांबायला सांगता येते. स्त्री डॉक्टर कुठे आहेत ते आधी विचारून ठेवावे, पण या कारणासाठी तपासणी सोडू नये. मुलगा की मुलगी हे मात्र विचारूही नये. १९९४ च्या कायद्याने ते सांगणे आणि विचारणे दोन्ही गुन्हा आहे. शिवाय मुलगी ही रहमत आहे, हे आपण आपल्या घरात कायम म्हणत आलो आहोत.

साखर आणि रक्तदाब

पहिल्या तपासणीत साखर ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत ती पुन्हा पाहायची असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा जास्त आला तर गरोदरपणातला मधुमेह. आपला जिल्हा धानाचा, दोन्ही वेळा ताटात भात. भात सोडायचा नाही, कमी करायचा. त्या जागी डाळ, अंडे, मासळी, पालेभाजी वाढवायची.

रक्तदाब प्रत्येक तपासणीत मोजून घ्या. २० आठवड्यांनंतर तो १४०/९० किंवा वर गेला तर धोका. आणि तो चढला तरी सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

ताट आणि रोजा

"जास्त खाल्ले तर बाळ मोठे होईल, बाळंतपण अवघड जाईल," असे म्हणून काही घरांत या दिवसांत हात आखडतात. तसे करू नका. महिन्याला दीड-दोन किलो वजन वाढायला हवे. दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खावे. मांस, मासळी, अंडी नीट शिजवून खावीत. रक्त वाढावे म्हणून कलेजी खाऊ घालण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिच्यात लोह असते, पण अ जीवनसत्त्व इतके जास्त असते की गरोदरपणात ती टाळलेली बरी. त्यापेक्षा साधे मटण, डाळ, हरभरा, गूळ-शेंगदाणे चांगले.

रमजान या महिन्यांत आला तर? स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला त्रास होण्याची भीती असेल तर गरोदर बाईला रोजा सोडून नंतर कझा करण्याची सवलत शरीअतने दिली आहे. आधी डॉक्टरांना विचारा, मग आलिमांना. रक्त कमी, साखर किंवा रक्तदाब असताना "मी ठेवणारच" म्हणणे योग्य नाही. आणि तिने रोजा ठेवला नाही म्हणून घरातल्या कोणी टोमणा मारू नये.

९ तारीख आणि मनातली भीती

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते. हे अभियान २०१६ पासून सुरू आहे आणि चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांसाठीच आहे. डॉक्टर स्वतः तपासतात. रक्त, लघवी, रक्तदाब आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी होते. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. त्याच्या अटी आशा ताईंना विचाराव्यात.

भंडाऱ्याच्या आसपासच्या घरांत याबद्दल बोलताना एक गोष्ट मनात येतेच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाला आग लागली आणि १० बाळे गेली. त्या आयांच्या दुःखापुढे शब्द थिटे आहेत. ती बातमी आठवून कोणी "मी तिथे जाणार नाही" म्हणाली, तर तिला वेड्यात काढू नये. दवाखाना सरकारी असो की खाजगी, आगीपासून बचावाची सोय काय आहे हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, तो वापरावा. पण त्या विभागात कोणती बाळे ठेवावी लागतात तेही पाहा. दिवस भरण्याआधी जन्मलेली, वजनाने फार कमी, किंवा जन्मतःच आजारी. रक्त, रक्तदाब आणि साखर मधल्या महिन्यांत सांभाळली तर तिथे जावे लागण्याची शक्यता कमी होते. तपासणी कुठे करायची ते तुम्ही ठरवा, पण ती टाळून त्या भीतीवर इलाज होत नाही.

पाऊस आणि मैके

कारध्याची माणसे वैनगंगा ओळखून आहेत. जुना पूल पाण्याखाली जातो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेला पूर कोणी विसरलेले नाही. सहावा-सातवा महिना पावसाळ्यात येत असेल तर गाडी कोणाची, रस्ता कोणता, सोबत कोण, हे आजच ठरवा. १०२ आणि १०८ हे रुग्णवाहिकेचे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा.

पहिल्या बाळंतपणाला मुलगी मैके जाते. सातव्या महिन्यात सतवासा होतो, ओटी भरते, साडी येते. त्या बॅगेत माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि उरलेल्या गोळ्याही ठेवा. तिकडच्या डॉक्टरांसमोर कागद नसले तर सगळे पहिल्यापासून करावे लागते.

लगेच दवाखाना

रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा किंवा हात सुजणे, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, झटके, ताप, लघवीला जळजळ, राहून राहून येणाऱ्या कळा, बसल्या जागी धाप लागणे, किंवा कळू लागलेली हालचाल थांबणे. यातले काहीही झाले तर सकाळ होण्याची किंवा शौहर घरी येण्याची वाट पाहू नका.

शेवटी घरातल्या पुरुषांसाठी दोन शब्द. ९ तारखेला अर्धा दिवस कामावरून सुटी घ्या आणि तिच्यासोबत जा. बाहेर मोटारसायकलवर बसून राहू नका, आत येऊन डॉक्टर काय सांगतात ते ऐका. आणि सासूबाईंनो, रात्रीच्या जेवणानंतर "गोळी घेतली का, बेटी?" एवढे रोज विचारा. ती बरी दिसते आहे. बरीच राहावी, यासाठीच हे विचारायचे.

अल्लाह सर्व मातांना आणि त्यांच्या बाळांना सुखरूप ठेवो. आमीन.