रात्री नऊचे न्यायाधीश



बरेच दिवस लिहिणं झालं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरसमोर बसायला बंदी घातली होती. आज बंदी उठली. खरं तर हलकंफुलकं काहीतरी लिहायचं मनात होतं, पण एक गोष्ट पंधरा दिवस डोक्यात घोळते आहे. तीच लिहून टाकतो. घरातल्या काही मंडळींना आवडणार नाही, त्यांनी काकाला माफ करावं.

झालं असं, की सुट्टीत नागपूरहून पुतण्या आला होता. मुलगा गुणी आहे. चांगली नोकरी आहे, आल्या आल्या वाकून नमस्कार करतो. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही गप्पा मारत बसलो होतो. मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं कौतुक सांगत होतो. धानोरा तालुक्यातला गोंड मुलगा. आता तो गावच्या ग्रामसभेचं काम बघतो. तेंदूपत्त्याचा हिशेब ठेवतो, वनहक्काचे दावे भरून देतो, तहसीलच्या चकरा मारतो. पुतण्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, जरा जपून हो. जंगलात असं काम करणारे बहुतेक नक्षलीच असतात."

मी विचारलं, "तू असं काम करणाऱ्या कोणाला भेटलास का रे?"

"भेटायचं कशाला? रोज तर दाखवतात!"

समोर टीव्ही चालूच होता. नऊ वाजले होते. सूट घातलेले एक गृहस्थ ओरडत होते आणि आठ चौकटींतले आठ जण त्यांच्यावर ओरडत होते.

माझ्या पुतण्याला त्या मुलाबद्दल काही राग नव्हता, हे लक्षात घ्या. त्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं. त्याच्याकडे फक्त एक तयार शब्द होता. माझं भांडण आहे ते इथेच. लोक म्हणतात, हे निवेदक लोकांची मतं बनवतात. माझ्या मते ते मत देतच नाहीत. मत बनवायला माहिती लागते, वेळ लागतो. ते शब्द देतात. आणि एकदा शब्द हातात आला की समोरच्या माणसाला भेटण्याची गरज संपते.

मुंबई-पुण्याच्या मंडळींना वाटेल, मास्तर एका शब्दावरून एवढे का चिडले? त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे हा शब्द शिवी नाही, तो निकाल आहे. गडचिरोलीत नक्षलवादी १९८० च्या सुमारास आले. तेव्हापासून आमच्या आदिवासी माणसाने दोन शब्दांच्या मध्ये दिवस काढले. पोलिसांना संशय आला तर तो 'नक्षल समर्थक', आणि नक्षल्यांना संशय आला तर 'खबऱ्या'. किती गावांत माणूस मारून प्रेताजवळ चिठ्ठी टाकलेली सापडली, की हा पोलिसांचा खबऱ्या होता! ना चौकशी, ना साक्ष. नुसता शब्द. आणि माझी नक्षल्यांबद्दल कुणी गल्लत करू नये. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याजवळ सुरुंग लावून १५ पोलीस आणि त्यांचा वाहनचालक मारला गेला. त्यानंतर मी कित्येक रात्री नीट झोपलो नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, त्या दिवशी आमच्या घरी गोड केलं होतं.

पण बंदूकवाला वेगळा आणि वनहक्काचा फॉर्म भरणारा वेगळा, एवढा फरक ज्याला करता येत नाही किंवा करायचा नाही, त्याने रोज रात्री न्यायाधीश होऊन बसू नये.

एक खटला आठवून बघा. प्राध्यापक साईबाबा आणि आणखी पाच जणांना २०१७ मध्ये आमच्या गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने ती रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवून पुन्हा सुनावणी करायला सांगितली आणि ५ मार्च २०२४ ला खंडपीठाने पुन्हा सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्यांचं राजकारण मला पटत नाही, पण तो मुद्दाच नाही. त्या सहांपैकी एक आमच्या गडचिरोलीचा आदिवासी तरुण होता. तो २०२२ च्या ऑगस्टमध्ये, शिक्षा भोगत असतानाच वारला. निर्दोष ठरला तो मेल्यानंतर. न्यायालयाला सात वर्षं लागली, दोनदा विचार करावा लागला. स्टुडिओतल्या न्यायाधीशाला तेवढी मिनिटंही लागत नाहीत, आणि निकाल चुकला तर तो परत बोलावून माफी मागत नाही.

हा धंदा काही आपण शोधून काढलेला नाही. अमेरिकेत रेडिओवाल्यांना वादाच्या विषयात दोन्ही बाजू द्याव्या लागत. तो नियम १९८७ मध्ये काढून टाकला आणि पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ नावाच्या गृहस्थाचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. रोज दुपारी तीन तास एकच आवाज! श्रोता फोन करू शके, पण फोन ठेवायचं बटन कोणाच्या हातात? १९९४ ची निवडणूक जिंकल्यावर रिपब्लिकन पक्षाच्या नव्या खासदारांनी त्याला मानद सदस्यच करून घेतलं. २०२१ मध्ये तो वारला, तोवर हे चालू होतं. रवांडाचं तर विचारू नका. तिथे १९९४ मध्ये एका खासगी रेडिओवरून गाणी आणि विनोदांच्या मध्येमध्ये माणसांना 'झुरळं' म्हणत, मारायच्या लोकांची नावं सांगत. पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००३ मध्ये त्या रेडिओच्या कर्त्याधर्त्यांना दोषी ठरवलं. तिथेही सुरुवात एका शब्दापासूनच झाली होती.

आपल्याकडे खासगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. त्यामुळे आपला लिम्बॉ रेडिओवर जन्मला नाही, तो टीव्हीवर जन्मला आणि आता मोबाईलमध्ये राहतो. सप्टेंबर २०२२ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयाला बोलून दाखवावं लागलं, की द्वेषाची भाषा थांबवणं हे निवेदकाचं काम आहे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, मग सरकारने हे बंद करावं का? नाही हो बाप्पा, अजिबात नाही! सरकारच्या हातातला एकच आवाज कसा असतो ते मी भोगलं आहे, आणि तिथे मी स्वतःच गुन्हेगार आहे. २६ जून १९७५ च्या सकाळी इंदिराबाईंचा आवाज रेडिओवर ऐकला. आणीबाणी जाहीर झाली होती, घाबरण्याचं कारण नाही म्हणाल्या. मी पंचविशीतला नवा मास्तर. नाही घाबरलो! पुढे पवनारच्या विनोबांचा 'अनुशासन पर्व' हा शब्द सरकारने उचलला आणि रेडिओवर रोज कानी पडू लागला. मी तो सुंदर अक्षरात फळ्यावर लिहिला आणि मुलांना समजावून सांगितला. विनोबांच्या मनात आचार्यांचं अनुशासन होतं, सत्तेचं शासन नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याच शाळेतले एक सहकारी त्या काळात तुरुंगात गेले. मी मनात म्हणालो, काहीतरी केलं असेल. सुटून आल्यावर त्यांनी मला काही विचारलं नाही. मीही त्यांना भेटायला गेलो नाही. आज ते नाहीत.

म्हणून पुतण्यावर मला फार ओरडता आलं नाही. रोज तेच ऐकलं की शहाणा माणूसही तेच बोलू लागतो. "लोक काय मूर्ख आहेत का, करमणूक म्हणून बघतात" असं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे. मी मूर्ख नव्हतो. बी.ए. होतो!

मग मत बनवायचं कसं? त्यासाठी धानोरा तालुक्यातच मेंढा-लेखाला जाऊन बघा. छोटं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. तिथे अभ्यास गट आहे. आधी बसून विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारालाही प्रश्न विचारायचे. निर्णय मग ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. एकाचं जरी पटलं नाही तरी पुन्हा बसायचं. २००९ मध्ये त्यांना सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतुकीचा परवाना द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले. एवढं सगळं झालं ते कुणाचा आवाज चढल्यामुळे नाही. तिथे बोलणाऱ्याला समोरच्याचं उत्तर ऐकावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर त्याला तोंड दाखवावं लागतं. नऊच्या न्यायाधीशाला आमच्या विहिरीवर यावं लागत नाही. सगळा फरक तेवढाच आहे.

तेव्हा आमच्या घरापुरता मी एक नियम केला आहे. कोणाला नाव ठेवायचं असेल तर तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. हे तुला कोणी सांगितलं? तू त्या माणसाला भेटलास का? आणि तुझं चुकलं तर भोगणार कोण? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'मी' नसेल, तर गप्प बसायचं. टीव्ही बघायला मनाई नाही. सौ.च्या मालिका चालूच आहेत.

पुतण्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेला. थोडा घुश्शातच होता. मी त्याला म्हटलं, पुढच्या सुट्टीत दोन दिवस जास्त काढून ये, धानोऱ्याला जाऊ, त्या मुलाकडे जेवू. तो "बघू" म्हणाला. तो मुलगा मात्र परवाच फोनवर विचारत होता, "गुरुजी, डोळा कसा आहे? मोहफुलं वेचायच्या दिवसांत या जी." मी त्याला पुतण्याचं काहीच सांगितलं नाही. लाज वाटली.

पुतण्या हे वाचेल हे मला माहीत आहे. बाळा, मी वाट बघतोय.