हिशेब कोणी तपासायचा?

नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसले की नवापूरला फलाटावरच महाराष्ट्र संपतो आणि गुजरात सुरू होतो. पुढे व्यारा, मढी आणि मग बारडोली. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे दरवर्षी कोयता घेऊन त्या भागातल्या उसाच्या फडांवर जातात. म्हणून बारडोली म्हटले की आपल्याला आधी साखर कारखाना आठवतो. १९२८ साली तिथे जे घडले, ते मात्र शाळेच्या पुस्तकातच राहून जाते.

बारडोली तालुका तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सरकारने तिथला शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढवला. अन्याय झाला तर माणूस कोर्टाची पायरी चढतो. पण १८७६ च्या कायद्याने साऱ्याच्या आकारणीविरुद्ध दिवाणी कोर्टात दाद मागण्याची वाटच बंद केलेली होती. आकारणी करणारे सरकार आणि तक्रार ऐकणारेही सरकारच!

वल्लभभाई पटेल बॅरिस्टर होते. दुखणे नेमके कुठे आहे, हे त्यांना कळले. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी शेतकऱ्यांनी ठराव केला : निःपक्षपाती चौकशी नेमा, नाहीतर जुनाच सारा पूर्ण भरणा म्हणून घ्या, तोवर आम्ही काही भरणार नाही. सारा माफ करा, असे कोणी म्हटले नव्हते. हिशेब तिऱ्हाइताने तपासावा, एवढेच मागणे होते.

मग जप्त्या सुरू झाल्या. म्हशी गेल्या, भांडीकुंडी गेली, जमिनी खालसा झाल्या. जनावरे वाचवण्यासाठी लोक त्यांच्यासह घरात कोंडून घेऊन राहिले. पुण्याच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे कुंझरू, वझे आणि ठक्करबाप्पा तिथे जाऊन आले आणि चौकशीची मागणी रास्त असल्याचे त्यांनी सांगितले. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. चौकशीला ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन अधिकारी नेमले गेले. गंमत पाहा, याच ब्रूमफील्डसाहेबांनी १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती! चौकशीअंती सारावाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली. वल्लभभाईंना ‘सरदार’ हे नाव मिळाले ते याच लढ्यात.

पुढे सरदार स्वतःच कायदा करणाऱ्यांत जाऊन बसले. एप्रिल १९४७ मध्ये घटना समितीत नागरिकत्वाचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी व्याख्या ऐसपैस ठेवण्याचा आग्रह धरला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांसाठी आपण तिथले नागरिकत्व मागतो, मग घरात हात आखडता कसा घ्यायचा, असा त्यांचा मुद्दा होता.

पण १९५० च्या फेब्रुवारीत त्यांनीच प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आणला. त्यात खटल्याविना माणसाला डांबता येत होते. १९४२ नंतर सरदार स्वतः असेच खटल्याविना अहमदनगरच्या किल्ल्यात होते. या निर्णयापायी आपल्याला झोप लागली नाही, असे त्यांनी सभागृहात सांगितले. ते खरेही असेल. पण एका वर्षापुरता आणलेला तो कायदा मुदतवाढ घेत घेत १९६९ पर्यंत चालला. राज्यकर्ता कितीही सचोटीचा असला, तरी त्याच्या हाती दिलेला अधिकार त्याच्या माघारीही उरतो. म्हणून तपासणारा तिऱ्हाईत हवाच.

बारडोलीतही एक हिशेब तेव्हा राहूनच गेला. सारा भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या शेतात दुबळा समाजातली ‘हाळी’ माणसे कर्जापोटी पिढ्यान्पिढ्या राबत होती. जमीन नाही म्हणून सारा नाही, आणि सारा नाही म्हणून ठरावात त्यांची बाबही नाही. वेठबिगारीवर बंदी घालणारा देशव्यापी कायदा यायला १९७६ साल उजाडले.

त्याच मुलखात आज आपली माणसे उचल घेऊन जातात. किती उचल घेतली, किती टन ऊस तोडला, किती रुपये फिटले, हे बहुधा मुकादमाच्या वहीत असते. वहीही त्याची, बेरीजही त्याचीच.

तेव्हा वाचकहो, तुमच्या गावातून यंदा कोणी फडावर निघाले, तर एवढे करा. घरातल्या शिकत्या पोराला एक वही द्या. उचलीची रक्कम, तारीख आणि रोजचे वजन त्यात लिहायला सांगा, आणि निघण्याआधी पहिल्या पानावर मुकादमाची सही घ्या. तो नाही म्हणाला, तर का नाही म्हणतो, ते चार माणसांसमोर विचारा.