आडनाव सांगा, आसन विकत घ्या

सुट्टी संपली की घरी परतण्याचा हक्क तिकिटाबरोबरच विकत घेतलेला असतो, अशी आपली भाबडी समजूत आहे. विमान कंपन्यांनी ती केव्हाच मोडीत काढली आहे. तिकीट म्हणजे आता नुसता अर्ज. त्यानंतर ‘वेब चेक-इन’ नावाची परीक्षा द्यायची, ती इंग्रजीत द्यायची, स्वतःच्या मोबाईलवर द्यायची, आणि जाताना घरून दिली असली तरी परतताना परक्या गावातून पुन्हा द्यायची. नापास झालात तर दंड असा कोणी म्हणत नाही. त्याला ‘सीट सिलेक्शन’ म्हणतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ही व्यवस्था सोयीसाठी नाही. कंपनीचं काम प्रवाशाकडून करून घ्यायचं आणि वर त्याचे पैसेही त्याच्याकडूनच घ्यायचे, यासाठी ती उभी आहे. आणि तिचा सगळ्यात मोठा फटका लोह्या-कंधारसारख्या गावांतून आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाला बसतो, मग तो शेख असो की पाटील.

२७ एप्रिल २०१७ ची आठवण अनेकांना असेल. ‘उडान’ योजनेची पहिली विमानं त्या दिवशी सुटली आणि त्यात आपलं नांदेड-हैदराबादही होतं. हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात दिसला पाहिजे, असं पंतप्रधान म्हणाले होते. छान वाटलं होतं. तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांची मर्यादा होती, ती आणखी छान वाटली होती. ती कंपनी पुढे बंद पडली, नांदेडची विमानं थांबली, २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केली. तो रडण्याचा वेगळा विषय आहे. मुद्दा असा की हवाई चप्पलवाला दारापर्यंत आला, पण दार त्याच्या हिशेबाने कोणी बनवलंच नाही.

काश्मीरचंच उदाहरण घेतो, कारण आपल्याकडून आता उन्हाळ्यात बरीच कुटुंबं तिकडे जातात आणि २०२३ च्या उन्हाळ्यात आम्हीही गेलो होतो. अम्मी, बायको, दोन मुलं आणि मी. नांदेडहून रात्रीची गाडी, हैदराबादहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर. जाताना सगळं ठीक, कारण चेक-इन लोह्यातल्या तिकीटवाल्या पोरानेच करून दिलं होतं. परतीचं चेक-इन अठ्ठेचाळीस तास आधी उघडतं. तेव्हा आम्ही पहलगामला होतो.

जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही. पोस्टपेड चालतं. आता लोह्यात पोस्टपेड कोणाकडे आहे? बँकवाल्यांकडे, काही डॉक्टरांकडे. बाकी सगळा तालुका रिचार्जवर चालतो. म्हणजे श्रीनगरला उतरल्या क्षणी आमचे तीनही मोबाईल मुके. ओटीपी येणार नाही, यूपीआयचा भरवसा नाही. हॉटेलच्या वायफायवर ब्राउझर उघडला तेवढाच. देशाच्या एका अख्ख्या प्रदेशात बाहेरच्या बहुसंख्य प्रवाशांचा फोन बंद असतो, हे विमान कंपन्यांना माहीत नाही का? तिथून रोज विमानं उडवतात. तरी श्रीनगरचं चेक-इन आणि मुंबईचं चेक-इन एकाच साच्यातलं.

त्या साच्याने पहिला प्रश्न विचारला : पीएनआर आणि आडनाव.

इथे थोडं थांबतो, कारण ही गोष्ट मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला सहज कळणार नाही. आपल्याकडे मुसलमानाचं नाव निजामाच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीने लिहिलं जातं. शेख, मग स्वतःचं नाव, मग पुन्हा शेख, मग बापाचं नाव. सय्यदांचं तसंच, पठाणांचं ‘खान’ मध्ये आणि ‘खान’ शेवटी. बायकांचं तर विचारूच नका. कोणाच्या मागे ‘बी’, कोणाच्या मागे ‘बेगम’, लग्नाआधी बापाचं नाव, नंतर नवऱ्याचं, आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. आधारवर नावाचा रकाना एकच, त्यामुळे तिथे सगळं मावतं. पॅन तीन तुकडे मागतं. पासपोर्ट दोन मागतो. विमान कंपनीही दोन मागते, पण ते कुठे तोडायचे हे तिकीट काढणारा ठरवतो. आमच्या पाच जणांच्या एका तिकिटावर ‘आडनावं’ चार निघाली : माझ्यामागे माझ्या अब्बांचं नाव, अम्मीमागे ‘बी’, बायकोमागे ‘बेगम’, मुलांमागे माझं नाव. ‘शेख’ हे आडनाव कोणाचंच नव्हतं. मी ‘शेख’ टाकत होतो आणि वेबसाइट सांगत होती की असं बुकिंगच नाही.

विमानतळावर मुसलमानाच्या नावाचा विषय निघाला की वाचक वेगळ्याच गोष्टीची वाट पाहतो. ती गोष्ट आहे, पण आज ती सांगायची नाही. ही मशीन जातीयवादी नाही. ती निव्वळ अडाणी आहे. शाळेच्या दाखल्यावर ‘पाटील बालाजी ज्ञानोबा’ असं लिहिलेला आमच्या गल्लीतला बालाजीही तिथेच अडकतो, कारण तिच्या लेखी त्याचं आडनाव ज्ञानोबा आहे. जगात माणसाला एक ‘पहिलं’ आणि एक ‘शेवटचं’ नाव असतं, असं कोणीतरी कुठेतरी ठरवलं आणि आपण सगळे त्या दोन खोक्यांत स्वतःला कोंबत बसलो. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने तर नियमच काढला की पासपोर्टवर एकच शब्दाचं नाव असेल तर पर्यटक व्हिसावर प्रवेश नाही. नंतर, दुसऱ्या पानावर बापाचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल, अशी सूट दिली. अरबांनी अशी अट घालावी याचं हसू येतं, पण आपल्या गावातल्या ‘फातिमा’, ‘जैनब’ एवढंच नाव असलेल्या बायांना ते हसण्यावारी नेता आलं नाही.

आणि नाव चुकीचं पडलं तर दुरुस्ती? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम आहे : बुकिंगपासून चोवीस तासांत चूक दाखवली तर त्याच माणसाच्या नावाच्या दुरुस्तीला पैसे घ्यायचे नाहीत. पण पुढे शेपूट आहे. तिकीट थेट कंपनीच्या वेबसाइटवरून काढलेलं असलं पाहिजे. लोह्यात थेट वेबसाइटवरून कोण काढतं? आपण दुकानावर जातो, आधारची झेरॉक्स देतो आणि पैसे मोजतो. ज्याला दुरुस्तीची गरज सगळ्यात जास्त, नेमका तोच नियमाच्या बाहेर.

बरं, अब्बांचं नाव टाकून आत शिरलो. आत विमानाचा नकाशा. रंगीत चौकोन, प्रत्येकावर किंमत. पुढचे महाग, खिडकीचे महाग, मधले स्वस्त, फुकट एकही नाही. ‘आसन न निवडता पुढे जा’ असा मार्ग असतो, पण तो शोधावा लागतो. कुठेतरी कोपऱ्यात, फिक्या अक्षरात, इंग्रजीत. पैसे भरायचं बटण मात्र अंगठ्याएवढं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेरा प्रकार नावानिशी सांगितले. विमानाचा हा नकाशा त्यातल्या किती प्रकारांत बसतो, हे कोणी तरुण वकिलाने एकदा मोजावं.

कंपन्यांचा युक्तिवाद मला पाठ आहे. तिकीट स्वस्त ठेवायचं तर बाकी सेवा सुट्या कराव्या लागतात. ज्याला हवं त्याने घ्यावं. डीजीसीएनेही सुट्या सेवांना परवानगी दिली आहे, पण अट एकच : प्रवाशाने स्वतःहून मागितली तरच. आता मला सांगा, ज्या पानावर नकार सापडत नाही, तिथला होकार ‘स्वतःहून’ कसा? आणि आसन ही जादा सेवा कशी? जेवण जादा असेल, जादा सामान जादा असेल. विमानात उभं राहून जाता येत नाही. आपली एसटी आरक्षण केलं की आसन क्रमांक तिकिटावरच छापते. रेल्वे नाव एकाच रकान्यात घेते, बर्थ क्रमांक देते आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या बाईला जमेल तर खालचा बर्थ न मागता देते. रेल्वेला आपण उठताबसता शिव्या घालतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

ही साखळी कशी आवळत आणली तेही बघा. २०१८ च्या नोव्हेंबरात इंडिगोने जाहीर केलं की वेब चेक-इनला सगळ्याच आसनांचे पैसे लागतील. फुकट हवं असेल तर विमानतळावर काउंटरला या. ओरड झाली, मंत्रालयाने तपासतो म्हटलं. मग कोरोना आला. २५ मे २०२० ला देशातली विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा गर्दी नको म्हणून वेब चेक-इन सक्तीचं झालं. त्या सक्तीचा फायदा घेऊन कंपन्यांनी काउंटरवरच्या बोर्डिंग पासलाही शंभर-दोनशे रुपये लावले. म्हणजे घरून केलं तर आसनाचे पैसे, दारात केलं तर कागदाचे पैसे. दोन वर्षं हे चाललं. शेवटी २१ जुलै २०२२ ला मंत्रालयाने सांगितलं की काउंटरवर बोर्डिंग पास देण्याचे जादा पैसे १९३७ च्या विमान नियमांत बसत नाहीत. दोन वर्षांत जे घेतले ते कोणाला परत मिळाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

आम्ही पैसे भरले नाहीत. काउंटरवर घेऊ म्हटलं. श्रीनगरला टर्मिनलच्या बरंच आधी, रस्त्यावरच्या गेटला गाडी थांबवून सगळं सामान उतरवून तपासतात, मग पुन्हा आत. म्हणून तीन तास आधी निघालो. काउंटरवरच्या मुलाने पाच पास दिले : अम्मी २८ व्या रांगेत, बायको १९ व्या, मी २३ व्या, मोठा मुलगा माझ्यामागे, आणि सहा वर्षांची मुलगी ९ व्या रांगेत दोन अनोळखी माणसांच्या मधे. मी विचारलं तर म्हणाला, वेब चेक-इन करताना सीट घेतली असती तर एकत्र मिळाली असती. अम्मी मागून म्हणाली, “उसकू बोल, छे बरस की बच्ची है, अकेली कैसी बैठिंगी?” तो हसला आणि आत क्रूला विचारा म्हणाला.

आत एका सरदारजींनी जागा बदलून दिली. नांदेडचे म्हटल्यावर “हजूर साहिबवाले!” म्हणून त्यांनी बॅगही वर ठेवून दिली. अल्लाह त्यांचं भलं करो. पण हे कंपनीचं काम होतं आणि ते एका प्रवाशाच्या भलेपणावर ढकललं गेलं. पुढे २३ एप्रिल २०२४ ला डीजीसीएने सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी आसन द्यायचंच. सहा वर्षांच्या मुलीला आईशेजारी बसवा, हे कंपन्यांना सांगायला सरकारी परिपत्रक लागलं. मुलं सुटली. अम्मी मात्र अजून २८ व्या रांगेतच आहे, कारण अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, विमानाचा पट्टा बांधता न येणाऱ्या बाईसाठी असं परिपत्रक मी अजून पाहिलेलं नाही.

मी हे बोललो की आपलेच लोक म्हणतात, “अरे भाई, चार-पाचशे रुपयांचा सवाल, भरून टाकायचे.” पाच माणसं, दोन विमानं, म्हणजे दहा आसनं, हिशेब करा, हैदराबादहून लोह्यापर्यंत सगळ्या घराचं भाडं निघतं. आणि सवाल रकमेचा असता तर तिकिटात आधीच धरली असती. ती धरत नाहीत, कारण धरली तर तिकीट स्वस्त दिसणार नाही.

उमऱ्याच्या टोळ्यांची तऱ्हा तर याहून मजेशीर आहे. तिथे एजंट पासपोर्ट, तिकीट सगळं आपल्याकडेच ठेवतो, जिद्दाच्या विमानतळावर बोर्डिंग पास वाटतो आणि हाजी जमजमचं पाच लिटरचं खोकं सांभाळत उभा राहतो. आपला आसन क्रमांक, आपलं नाव तिकिटावर कसं लिहिलंय, हे त्याला घरी येईपर्यंत माहीत नसतं. ‘हमारे एजंट सब कर देते’ याचा आपल्याला अभिमान आहे. नवरा-बायको वेगवेगळ्या रांगांत बसून आले तरी आपण त्याला सफरची मशक्कत म्हणतो. मशक्कत अल्लाहच्या घरची असेल, एजंटने लादलेली नाही.

मी मागतो ते फार नाही. नावाला एक रकाना ठेवा आणि आधारवर आहे तसं घ्या. चेक-इनचं पान मराठीत, उर्दूत, तेलुगूत द्या. कर्जाच्या जाहिराती देता येतात तर हेही येतं. फुकट आसन आधी दाखवा, विकाऊ नंतर. साठीच्या पुढच्या माणसाला सोबत्याशेजारी बसवा. आणि श्रीनगरसारख्या ठिकाणी काउंटरलाच पहिला दर्जा द्या, तिथे येणाऱ्या प्रवाशाला ‘घरून का नाही केलं’ असं विचारू नका.

तोवर ज्यांना या दिवाळीत किंवा उन्हाळ्यात जायचं आहे त्यांनी दुकानातून उठण्याआधी तिकीटवाल्या पोराकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : परतीचा पीएनआर, प्रत्येकाचं ‘आडनाव’ म्हणून त्याने काय टाकलंय ते, आणि बुकिंगला कोणाचा मोबाईल नंबर दिलाय तो. बहुतेक वेळा तो नंबर त्याचा स्वतःचाच असतो, आणि विमान उशिरा सुटणार असल्याचा मेसेज पहलगामला नाही, लोह्याच्या मोंढ्यात येऊन पडतो. काउंटरवर आसनाचे पैसे मागितले तर आधी पावती मागा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.